पठारावर पवनचक्क्या येतायत: विरोध करायचाच तर पंख्याला नको, रस्त्याला करा

प्रश्न थोडक्यात असा होता: बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला, चंदगडच्या हद्दीला चिकटून डोंगरावर आमचं गाव, वरच्या पठारावर गेल्या वर्षी कुणीतरी वारा मोजायचा उंच जाळीचा खांब उभा केला, आता एजंट फिरतायत, दोघांनी संचकार (जमिनीच्या सौद्याचा विसार) घेतलाय असं कळतंय, गावात निम्मे म्हणतात पवनचक्क्या आल्या की पाऊस पळतो आणि म्हशी आटतात, निम्मे म्हणतात पडीक माळाला पैसे येतायत तर घ्या की. तर विरोध करावा का, आणि करायचा तर कसा.

मी या धंद्यात जमीन आणि परवानग्यांच्या कामाला होतो, म्हणजे तुमच्या गावात आता जो एजंट फिरतोय त्याच्या वरचा माणूस म्हणा. साताऱ्याच्या पठारावर सुरुवात केली, मग जत, मग सौंदत्ती आणि गदगकडं. आता कुठल्या कंपनीत नाही त्यामुळं मोकळेपणानं लिहितो. आणि हे पण आधीच सांगून टाकतो की मी पवनचक्कीच्या विरोधातला नाही, कर्नाटकात आज ७००० मेगावॅटच्या वर पवनऊर्जा बसलीय आणि ती नसती तर तेवढा कोळसा रायचूर-बळ्ळारीला जास्त जळला असता. पण डोंगरावरच्या गावांचा विरोध होतो तेव्हा बहुतेक वेळा लोकांचं दुखणं खरं असतंय आणि सांगितलेलं कारण चुकीचं असतंय, आणि कंपनीला ते अगदी सोयीचं पडतंय.

पावसाचंच घ्या. साताऱ्यात २००३-०४ च्या दुष्काळात हीच चर्चा गावोगाव होती, की पंखे ढग कापतात, वारा उलटा फिरवतात, म्हणून पाऊस नाही. लोकांना तसं वाटणं मी समजू शकतो, पावसाळ्यात पठारावर ढग इतके खाली येतात की पंख्याचं वरचं पातं दिसत नाही, खालून बघणाऱ्याला वाटणारच की हा ढग घुसळतोय. पण आपल्याकडचा मोठा पंखा पात्याच्या टोकापर्यंत धरला तरी २०० मीटरच्या आसपास, आणि पाऊस देणारा ढग काही किलोमीटर जाडीचा असतोय, समुद्रावरनं आलेली हवा सह्याद्री चढते तेव्हा थंड होऊन पाऊस पडतो, म्हणून कणकुंबी-आमगावला धो धो आणि तोच वारा अथणीला पोचेपर्यंत कोरडा. यात पंख्याचा काही हात नाही. आता मुद्दा असा की तुम्ही डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला निवेदन दिलंत आणि त्यात पहिलाच मुद्दा पावसाचा असला तर कंपनीचा माणूस हसत हसत हवामान खात्याचे आकडे पुढं करणार, साहेब मान डोलावणार, आणि तुमचे बाकीचे खरे मुद्दे पण त्याच फाइलीत "गैरसमजातून विरोध" असा शेरा घेऊन बंद होणार. हे मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं बघितलंय. आमच्याकडं तर पावसाचा मुद्दा निघाला की जरा हायसं वाटायचं. म्हशी आटण्याचंही तसंच, निवेदनात घालू नका.

मग खरं काय? खरं म्हणजे रस्ता, पाणी, गायरान, तारा आणि कुणाला विचारलं कुणाला नाही. यातला रस्ता सगळ्यात मोठा, आणि त्याच्याबद्दल सुरुवातीला कुणीच बोलत नाही, कारण एजंट जे ब्रोशर दाखवतो त्यात हिरवा माळ आणि पांढरा पंखा असतो, रस्ता नसतो.

आत्ताच्या मशीनचं एक पातं ६०-७० मीटर लांब असतंय. ते एका तुकड्यात येतंय, दुमडता येत नाही. आपल्या घाटातली वळणं, उचगाव-बेक्किनकेरेकडचे गावातले रस्ते डोळ्यापुढं आणा आणि त्यावरनं एवढा ट्रेलर वळवायचा म्हणजे काय होईल ते बघा, प्रत्येक वळणाला आतला डोंगर कापायचा, बाहेरच्या बाजूला भराव टाकायचा, झाडं काढायची, मोऱ्या फोडून मोठ्या करायच्या. मग पठारावर एका पंख्यापासून दुसऱ्यापर्यंत रस्ता, कारण पंखे एकमेकांपासून लांब ठेवावे लागतात, आणि प्रत्येक पंख्याखाली साधारण २० मीटर व्यासाचा खड्डा काढून ४०० ते ६०० घनमीटर काँक्रीट. पंख्याला स्वतःला जमीन दोन-चार एकरच लागते, एजंट तेवढंच सांगतो आणि ते खोटं पण नाही. पण डोंगराला जखम होते ती रस्त्यानं.

घाटमाथ्यावरच्या एका गावात (नाव घेत नाही, कंपनीचंही नाही) मे महिन्यात घाईघाईनं रस्ता कापला होता, पावसाच्या आत क्रेन वर चढवायची म्हणून. कापलेला लाल मुरूम सरळ उताराच्या बाजूला ढकलून दिलेला, चर नाही, दगडी बांध नाही. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात तो सगळा मुरूम ओढ्यात आला आणि ओढ्यातनं खालच्या शेतात. मी गेलो तेव्हा एक मावशी भाताच्या तरव्यात (रोपवाटिकेत) गुडघ्यावर बसून हातानं चिखल बाजूला सारत होत्या, मुरमाचा थर चांगला वीतभर, आणि त्याखाली रोपं पिवळी पडून झोपलेली. तरवा गेला म्हणजे त्या वर्षीची लावण गेली, दुसरा टाकायला वेळ उरत नाही. कंपनीचा इंजिनिअर म्हणाला अतिवृष्टी. तलाठ्यानं पंचनाम्यात पण नैसर्गिक आपत्ती लिहिलं, आणि ज्या शेतकऱ्यांचं नुकसान झालं त्यांची एक गुंठा जमीन पण प्रकल्पात गेली नव्हती म्हणून भरपाईच्या यादीत त्यांचं नावच नव्हतं. जमीन विकणारे वरचे, पैसे वरच्यांना, मुरूम खालच्यांना. डोंगरावरच्या प्रकल्पातली भांडणं खणत गेलात तर दहातली आठ इथंच येऊन थांबतात.

हे काय एका गावाचं नाही. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यात भीमाशंकरजवळ वनजमिनीवर पवनचक्क्या झाल्या तेव्हा पण झाडं आणि रस्तेच वादाचं मूळ होतं, उभ्या उतारावर कापलेल्या रस्त्यांमुळं माती आणि राडारोडा खाली आला, त्यावर माधव गाडगीळांच्या पश्चिम घाट समितीनं २०११ च्या सुमारास बोट ठेवलं होतं. आणि आपल्या पठारांना आणखी एक गोष्ट आहे, वरचा जांभ्याचा सडा पावसाचं पाणी धरून ठेवतो आणि जिथं जांभा संपून खालचा काळा दगड लागतो तिथं झरे फुटतात. तुमच्या गावची पाण्याची टाकी अशाच झऱ्यावर असणार, विचारा म्हाताऱ्यांना. पाया खणताना सुरुंग लावले आणि रस्त्याचा कट त्या थरातनं गेला तर झरा वाट बदलू शकतो. आत्ताच, काम सुरू व्हायच्या आत, प्रत्येक झऱ्याचा उन्हाळ्यातला फोटो, तारीख, बादली भरायला किती सेकंद लागतात ते लिहून त्यावर पंचायतीच्या पीडीओची (पंचायत विकास अधिकाऱ्याची) सही घेऊन ठेवा. नंतर "आधी पाणी होतं" म्हणालात तर कोण ऐकणार.

आता तुम्हाला वाटेल की एवढं सगळं आहे तर सरकार आधी तपासत असेल की. नाही तपासत, आणि हा लोकांना न पटणारा भाग आहे. २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेत पवनऊर्जा बसतच नाही, म्हणजे पर्यावरण मंजुरी नाही आणि म्हणून जनसुनावणी पण नाही. केंद्रीय प्रदूषण मंडळानं २०१६ मध्ये तिला "व्हाइट" गटात टाकलं, म्हणजे प्रदूषण मंडळाची संमतीही लागत नाही. कस्तुरीरंगन समितीनं २०१३ च्या अहवालात पश्चिम घाटात पवनऊर्जेला पण त्या चौकटीत आणा असं सुचवलं होतं, ते तसंच राहिलंय, घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची मसुदा अधिसूचना तर जुलै २०२४ मध्ये सहाव्यांदा निघाली. त्यामुळं "आमच्या गावात जनसुनावणी का घेतली नाही" हा प्रश्न भावनेला बरोबर असला तरी कायद्यात पाय नाही. जनसुनावणी नाही म्हणूनच लोक रस्त्यावर बसतात असं माझं मत आहे, विचारायची जागाच ठेवली नाही तर दुसरं काय करतील.

पण कायद्याच्या जागा आहेत, फक्त त्या वेगळ्या खिडक्यांवर आहेत.

पहिली म्हणजे अंतर. केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट आहे की आवाजाच्या कारणानं राहत्या घरापासून ५०० मीटरच्या आत पवनचक्की नको. आणि रस्ता, सार्वजनिक इमारत, मोठ्या वीजवाहिन्या यांच्यापासून अंतर म्हणजे मनोऱ्याची उंची अधिक पंख्याच्या व्यासाचा निम्मा अधिक ५ मीटर. म्हणजे मनोरा १४० मीटर आणि व्यास १४४ मीटर असला तर १४० + ७२ + ५ = २१७ मीटर. टेप घेऊन जायची गरज नाही, मोबाइलच्या नकाशावर मोजता येतंय, फक्त कंपनीकडनं प्रत्येक पंख्याचे अक्षांश-रेखांश मागून घ्या, तोंडी "तिकडं त्या टेकाडावर" नको. पण यात मेख अशी की घर कागदावर पाहिजे. पठारावर गवळी धनगरांची जी घरं-झोपड्या असतात त्यांची पंचायतीत नोंदच नसते, मग सर्व्हेच्या नकाशात ती जागा मोकळी दिसते आणि पंखा दीडशे मीटरवर येतो. त्या घरांची नोंद, ई-स्वत्तूचा (कर्नाटकातली गावच्या मिळकतींची ऑनलाइन नोंद) ९ आणि ११ नंबरचा उतारा, जे काय निघेल ते आधी काढा. गावातली पुढारी मंडळी धनगरवाड्याकडं अशा वेळी पण दुर्लक्ष करतात, आणि नंतर त्यांच्याच घराचा दाखला देऊन केस लढायची वेळ येते.

आवाजाबद्दल जरा थांबून लिहितो कारण डोंगरात तो वेगळा वागतो. सपाटीवर जोराचा वारा असला की पंख्याचा आवाज वाऱ्याच्याच आवाजात बुडून जातो. आपल्याकडं पंखा वर कड्यावर आणि गाव खाली घळीत, आडोशाला. हिवाळ्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी रात्री खाली पान हलत नाही आणि वर मात्र चांगला वारा चालू असतो, तेव्हा पाती फिरताना दर सेकंद-दीड सेकंदाला येणारा तो सुईऽऽ सुईऽऽ स्पष्ट ऐकू येतो. मोठा नसतो, पण थांबत नाही. एका पायथ्याच्या गावात रात्री एकाच्या सुमाराला आम्ही मीटर घेऊन बसलो होतो, मीटरवर आकडा नियमात होता, आणि शेजारच्या घरातले आजोबा अंगणात येऊन बसलेले, झोप लागत नाही म्हणून. दोन्ही खरं. ध्वनी नियम २००० प्रमाणं राहत्या भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल, तेव्हा मोजणी मागायची तर हिवाळ्यातल्या रात्रीची मागा, आणि पंखे बसायच्या आधीची पण एक मोजणी करून ठेवा म्हणजे फरक दाखवता येईल. कंपनी सकाळी अकराला मोजून देईल, ते घेऊ नका. झोपमोड आणि चिडचिड होते हे बोला, त्याला आधार आहे. कॅन्सर, गर्भपात वगैरे व्हॉट्सअॅपवरचं बोलू नका.

दुसरी खिडकी गायरानाची, आपल्या इकडच्या कागदात गोमाळ. पठारावरची बरीच जमीन मालकीची नसतेच, सर्व्हे नंबर सरकारी गोमाळ असतो आणि अख्खं गाव तिथं जनावरं सोडतं. कर्नाटक जमीन महसूल नियम १९६६ च्या नियम ९७ प्रमाणं दर १०० जनावरांमागे ३० एकर गोमाळ राखून ठेवायचं असतं. शिल्लक असेल तरच ती दुसऱ्या कामाला देता येते. म्हणजे लढाई ही जनावरांच्या मोजणीवर होते! पशुवैद्यकीय खात्याच्या रेकॉर्डवर तुमच्या गावात किती गाई-म्हशी दाखवल्यात ते बघा, बहुतेक ठिकाणी कमी असतात कारण मोजायला कुणी डोंगर चढत नाही. ते दुरुस्त करून घ्या, मग हिशेब मांडा. २०११ च्या जगपाल सिंग निकालात सुप्रीम कोर्टानं गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा असं सगळ्या राज्यांना सांगितलंय, वकिलाला तो माहीत असतो. आणि सर्व्हे नंबर वनखात्याचा असला तर विषयच वेगळा, तिथं केंद्राची वन मंजुरी लागते आणि वनहक्क कायदा २००६ येतो, धुळ्याकडं साक्री तालुक्यात पवनचक्क्यांवरनं आदिवासींचा जो संघर्ष झाला तो याच जमिनीचा. आपल्याकडचे गवळी धनगर अनुसूचित जमातीत नाहीत त्यामुळं त्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा लागतो, अवघड आहे पण सामूहिक चराईचा दावा टाकून ठेवला तरी फाइल अडू शकते.

पंचायतीचं म्हणाल तर कर्नाटकात एका ग्रामपंचायतीत चार-पाच गावं असतात हे विसरू नका. महाराष्ट्रात साताऱ्याकडं एकेका गावाची ग्रामसभा असायची तिथं गावानं ठराव केला की कंपनीला घाम फुटायचा. इथं पंचायतीचं ऑफिस पायथ्याच्या मोठ्या गावात, सदस्य बहुतेक तिथले, एनओसी तिथं होऊन जाते आणि डोंगरावरच्या वाडीला कळतही नाही. म्हणून वॉर्डसभा मागा, तुमच्या वॉर्डाचा ठराव लेखी नोंदवा, आणि पीडीओकडनं त्याची शिक्क्यासह प्रत घ्या. आणि कंपनी देवळाला सभामंडप बांधून द्यायला तयार होईल. होतेच. घ्यायला हरकत नाही, पण त्या उद्घाटनाच्या फोटोत जे जे हसत उभे असतील तो फोटो नंतर गावाची संमती म्हणून फाइलीला लागतो, एवढं ध्यानात ठेवा.

तारांचं कुणी विचारतच नाही. पठारावरची वीज ३३ केव्ही लाइननं सबस्टेशनला न्यायची, तिथनं पुढं केपीटीसीएल या राज्याच्या पारेषण कंपनीच्या ग्रीडला. ("पंखा आमच्या डोक्यावर आणि करंट नाही आमच्या घरात" ही तक्रार प्रत्येक गावात ऐकली, वीज गावाला थेट मिळत नाही, आपल्याला वीज पुरवणाऱ्या हेस्कॉमची लाइन जशी होती तशीच राहते, एजंट मोफत वीज म्हणाला असेल तर लेखी मागा, गप्प बसेल.) या ३३ केव्हीच्या खांबांना भाताच्या खाचरातनं, काजूच्या बागेतनं सरळ रेषेत नेणं स्वस्त पडतं, रस्त्याकडेनं नेणं महाग. मोठ्या वाहिन्यांना केंद्राच्या जून २०२४ च्या सूचना आहेत, मनोऱ्याच्या पायाखालच्या जमिनीला किमतीच्या २०० टक्के आणि ग्रामीण भागात तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के, राज्यांनी त्या स्वीकारायच्या असतात, पण त्या ६६ केव्ही आणि वरच्यांना. ३३ ला नाही. म्हणजे दर तुमच्या बोलण्यावर. कंपनीच्या हातात वीज कायदा २००३ च्या कलम १६४ चा सरकारी आदेश नसेल तर संमतीशिवाय तुमच्या रानात खांब रोवता येत नाही, "आदेश दाखवा" एवढे दोन शब्द पुरतात. मी असे खांब दोन हजारात बसवून घेतलेले एजंट बघितलेत.

पक्षी आणि वटवाघळं. हा मुद्दा शहरातले लोक पुढं करतात आणि गावातले हसतात, पण सातारच्या चाळकेवाडी पठारावर बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केलेला अभ्यास २०१८ मध्ये छापून आला, पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी आणि त्यामुळं तिथले सरडे वाढलेले. म्हणजे घार-ससाणे कमी झाले की खालचं सगळं बदलतं. शेतात उंदीर मारणारे पण तेच पक्षी. आणि खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्याच्या बारापेडे गुहांत रॉटनचं वटवाघूळ आहे, जगात मोजक्याच ठिकाणी सापडणारं. वटवाघळं पात्यांना आपटून मरतात हे जगभर नोंदलेलं आहे. तुमचं पठार त्या बाजूला असेल तर वनखात्याला लेखी विचारा, हा मुद्दा कोर्टात टिकतो.

आता सीमेचा घोळ, जो बाकी कुणाला नाही आणि आपल्यालाच आहे. तुमचं पठार अर्धं इकडं अर्धं चंदगडात. पंखे कर्नाटकातल्या सर्व्हे नंबरवर, पण आवाज, मुरूम आणि सावली जाणार महाराष्ट्रातल्या वाडीवर, आणि त्या वाडीचं नाव बेळगावच्या एकाही कागदात नसणार. उलटंही होतं. ५०० मीटरचा नियम राज्याची हद्द बघत नाही, केंद्राचा आहे, तेव्हा चंदगडच्या बाजूच्यांनी पण आपल्या घरांची यादी केआरईडीएल (कर्नाटकची नवीकरणीय ऊर्जा संस्था) आणि बेळगावच्या डीसींना रजिस्टर पोस्टानं पाठवावी. हरित लवादात जायची वेळ आली तर कर्नाटकातल्या प्रकल्पासाठी चेन्नईचं दक्षिण खंडपीठ, महाराष्ट्रातल्यासाठी पुण्याचं, हे वकील लावताना आधी ठरवा नाहीतर निम्मे पैसे प्रवासात जातील. आणि कागद. खरेदी, संचकार, मुखत्यारपत्र हे सगळं कन्नड किंवा इंग्रजीत असतं, आपल्या म्हाताऱ्यांना वाचता येत नाही, एजंट मराठीत गोड बोलून अंगठा घेतो. सीमाप्रश्नावर भाषणं ठोकणारे गावात पुष्कळ असतात, त्यातल्या एखाद्या कन्नड वाचता येणाऱ्या पोराला फक्त कागद वाचायला बसवा, त्याचा जास्त उपयोग होईल.

विरोध करावा का, हे विचारलंत. माझं उत्तर असं की वेळ बघून. मास्ट, म्हणजे तो वारा मोजायचा खांब, उभा राहिला म्हणजे प्रकल्प आला असं नाही, किमान वर्षभर वारा मोजतात, मग केआरईडीएलकडं क्षमता मागतात, सरकारी आदेश निघतो, जमिनीची कागदपत्रं होतात, मग रस्ता. रस्त्याचं पोकलेन चढलं की कंपनीचे इतके पैसे अडकलेले असतात की ती मागं जाऊच शकत नाही, पोलीस बंदोबस्तात काम करते. त्याच्या आधी मात्र तिला चार पंखे सरकवणं, रस्ता फिरवणं सहज जमतं, नकाशावर पेन्सिलीचीच रेघ असते ना. नॉर्वेत फोसेनला रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांनी केस जिंकली, तिथल्या सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०२१ मध्ये परवाने बेकायदा ठरवले, पण तोपर्यंत १५१ पंखे फिरायला लागले होते, आणि निकालानंतरही ते फिरतच राहिले, शेवटी तडजोड झाली. नॉर्वेची ही गत तर आपली काय.

तुमच्या जागी मी असतो तर "पवनचक्की नको" असा बोर्ड लावला नसता. रस्त्याचा आराखडा, चर आणि बांधकाम पावसाआधी पूर्ण, पावसाळ्यात डोंगर कापायचा नाही, खालच्या शेतकऱ्यांची नावं भरपाईच्या यादीत, झऱ्यांची नोंद, लाइन रस्त्याकडेनं, एवढं लेखी करारात मागितलं असतं, आणि ते देत नसतील तर मग विरोध, पूर्ण. आणि पैशाचं पण बोला, लाजू नका. ३ मेगावॅटचा एक पंखा ३० टक्के क्षमतेनं चालला तर वर्षाला साधारण ७९ लाख युनिट, ३ रुपयानं धरलं तरी २ कोटी ३६ लाख. एका पंख्याचे, एका वर्षाचे. यातनं खर्च, कर्ज, व्याज जातं हे खरं, पण एकरकमी चार लाखात माळ विकून मोकळं होणाऱ्याला हा आकडा माहीत असायला हवा. डेन्मार्कात काही वर्षं कायदाच होता की प्रकल्पाचे २० टक्के शेअर आधी स्थानिकांना देऊ करायचे. आपल्याकडं तसं काही नाही, पण विकण्याऐवजी भाड्यानं देणं, दर काही वर्षांनी भाडंवाढ, आणि पंख्याचं २०-२५ वर्षांचं आयुष्य संपल्यावर तो काढून न्यायची जबाबदारी आणि त्यासाठीची बँक गॅरंटी हे मागता येतं. जमीन विकली असेल तर ते सांगाडे कोण नेणार? पाती फायबरची, भंगारवाला पण घेत नाही.

आता त्या दोघांचं ज्यांनी संचकार घेतलाय. त्यांच्यावर बहिष्कार वगैरे टाकू नका, गाव फुटलं की एजंटाचं काम सोपं होतं, आणि तो पहिल्यांदा अशांनाच गाठतो ज्यांना मुलीच्या लग्नाला नाहीतर हॉस्पिटलला पैसे लागलेत. त्यांच्याकडनं कागद मागून घ्या आणि फोटो काढा. बघायचं एवढंच की मुदत किती दिलीय, बरेचदा मुदत लिहिलेलीच नसते आणि जमीन वर्षानुवर्षं अडकते. मुखत्यारपत्र दिलंय का, दिलं असेल तर ते एजंटाच्या नावावर आहे की कंपनीच्या. रस्त्याचा हक्क त्यातच लिहून घेतलाय का, कारण एका उताऱ्यावरनं रस्ता मिळाला की शेजारच्या चार जणांवर दबाव येतो. आणि उतारा अजून आजोबांच्या नावावर असेल, वारसा चढला नसेल, तर मुंबई-गोव्यातले भाऊ आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणी यांच्या सह्या आहेत का, २००५ पासून मुलींचा हिस्सा बरोबरीचा आहे. नसतील तर अख्ख्या जमिनीवर त्या संचकाराचा दम नाही, बहिणींना सब रजिस्ट्रारकडं आणि तहसीलदारांकडं लेखी हरकत टाकायला सांगा, म्युटेशनच्या (फेरफाराच्या) नोटिशीला मुदत असते ती चुकवू नका. तो कागद वाचला की पुढचं सांगतो, सर्व्हे नंबर तेवढे नीट दिसतील असा फोटो काढा.